दार नसलेला रणगाडा

ताडपत्रीच्या दुकानातल्या सुनेला सगळी गल्ली ‘तोफ’ म्हणायची आणि तिला ते आवडायचं. तोंडावर म्हटलं तर जरा जास्तच. ट्रकवरची आच्छादनं, फळवाल्यांच्या गाड्यांची छपरं, पाण्याच्या टाक्यांचे अंगरखे, सगळं त्या दुकानात शिवलं जायचं. नवरा मापं घेत गावभर हिंडायचा, मशीनवर ती बसायची, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सासरे दाभणाने जाड कडा शिवायचे. म्हातारा बोलण्यात महाकंजूष. खोकायचा तोसुद्धा बेताबेताने.

दुकानावर पाटी होती: ‘रणगाडेवाले ताडपत्री’. सासरे तरुणपणी युद्धावर गेले होते. तिथला त्यांचा फोटो आत भिंतीवर होता. बाजूला रणगाडा, आणि त्याच्यावर कोपर टेकून उभा राहिलेला, नुकतं मिसरूड फुटलेला जवान. पाटी लावली सासूबाईंनी, आणि आपल्या नवऱ्याने रणगाडा चालवला हेही ठरवलं सासूबाईंनीच. त्याला कुणी विचारलं की “झालं गेलं” म्हणून तो सुईत दोरा ओवायला लागायचा. सासूबाई गेल्या, पाटी आणि ऐट, दोन्ही सुनेकडे आल्या. तिने दोन्ही नीट वापरल्या. फेरीवाल्यांना उठवायला साहेबलोक आले की ही पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. “आमच्या घरात रणगाडा चालवलाय! तुमची जीप कुणाला दाखवता?” आणि खरंच, जीप मागे जायची.

हसायचा तो फक्त समोरचा भंगारवाला. त्याचं भंगार फुटपाथभर पसरलेलं, त्यावरून दोघांचं कायमचं वाकडं.

एक दिवस शाळेतल्या बाई आल्या. पोरांच्या नाटकाला रणगाडा हवा होता, आणि पाहुणे म्हणून आजोबाही. “दोन शब्द बोलतील ना? रणगाडा कसा चालवायचे, वगैरे?”

“दोन काय, दोनशे बोलतील,” सून म्हणाली. कोपऱ्यातला दाभण थांबला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“वहिनी,” समोरून भंगारवाल्याने आवाज टाकला, “म्हाताऱ्याला मी कधी सायकल चालवताना पाहिलं नाही, आणि रणगाडा म्हणे!”

तोफ उडाली. “खोटं निघालं तर ही पाटी मी माझ्या हाताने उतरवीन! भर दुपारी, तुझ्यादेखत!”

“आणि खरं निघालं तर?”

“तर तुझं हे उकिरड्याचं संस्थान आत!”

“ठरलं.”

चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

नाटकाचा रणगाडा तिने पुठ्ठ्याचा करायला घेतला. सासरे बघत होते. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी चढली, मग दुसरी.

“हे काय आहे?”

“रणगाडा, मामंजी.”

“ही ट्रंक आहे. सरक.”

सुनेने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ‘सरक’ ऐकून घेतलं आणि ती सरकली. म्हाताऱ्याने बांबू चिरले, वेताच्या पट्ट्या वाकवल्या, सुतळीने सांगाडा बांधला. त्यावर जुनी ताडपत्री अशी ताणली की बोटाने वाजवली तर ढोलासारखी घुमावी. मग शेवाळी रंग. खाली चाकांच्या पट्ट्यांजवळ चुलीची काजळी तेलात कालवून लावली. “सावली नसली की वस्तू हवेत तरंगते,” एवढंच बोलले. सगळं न मापता, न अडखळता. संध्याकाळच्या आत रणगाडा दुकानासमोर उभा होता, आणि वळणावरून आलेल्या टेम्पोवाल्याने त्याला बघून असा करकचून ब्रेक मारला की मागची कोबीची पोती रस्त्यावर आली.

सून फुशारून भंगारवाल्याकडे बघत होती. “बघितलंस? न चालवता हे जमतं?”

मग पोरं आत कुठून शिरणार ते बघायला ती रणगाड्याभोवती फिरली. डाव्या बाजूला दार नाही. वर झाकण नाही. आणि मागे? मागे काहीच नव्हतं. नुसते बांबू.

“मामंजी, आत कुठून जायचं?”

“आत कशाला जायचं?” म्हातारा सहज म्हणाला. “आमच्या एकालाही दार नव्हतं.”

बोलून गेला आणि जागच्या जागी थिजला. हातातला ब्रश ठिबकत राहिला.

सून तडक आत गेली, भिंतीवरचा फोटो काढला आणि दाराच्या उजेडात धरला. रोज फडक्याने पुसत होती ती त्याला, पण बघितला आज. जवानाचं कोपर रणगाड्यात रुतलं होतं. उशीत रुतावं तसं. लोखंडाला चांगला खळगा पडला होता.

“कापडाचा,” ती म्हणाली.

सासरे स्टुलावर बसले. “शत्रूच्या विमानांना वरून खरे वाटावेत म्हणून उभे करायचो. आमची तुकडी सगळी शिंप्या-सुतारांची. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. युद्ध संपलं, शपथ कुणी काढली नाही. तुझ्या सासूने फोटो बघितला आणि गल्लीभर करून आली. मी काय सांगू? लोक लढले, मी टाके घातले.”

“मग बॉम्ब?”

“पडायचे ना. आमच्यावर पडावेत म्हणूनच तर होतो आम्ही. एक आमच्यावर पडला म्हणजे तिकडे खऱ्या माणसांवर एक कमी. पडला की आम्ही खड्ड्यात बसून टाळ्या पिटायचो, वेड्यासारखे.” म्हातारा हसला, मग डोळे पुसले. “एकदा टाळ्या फार थोड्या वाजल्या.”

सुनेने हातातला फोटो पदराने हळूच पुसला. गल्लीने हे पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

“तू कुणाला सांगू नकोस,” सासरे म्हणाले. “पाटी राहू दे. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने शिडी लावली. भंगारवाला खुर्ची घेऊनच बाहेर आला. “काय वहिनी, निघालं ना?”

“निघालं. त्यांनी रणगाडा चालवला नाही. मी खोटी ठरले. बघ डोळे भरून.” पहिला खिळा निघाला. ती शिडीवरूनच पुढे बोलायला लागली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. कापड, बांबू, खड्डा, टाळ्या. “बॉम्ब आपल्यावर पडावा म्हणून मुद्दाम बसलेला माणूस तुमच्यात आणखी कुणी असेल तर पुढे या! त्याच्या नावाची पाटी लावते इथे!”

कुणी पुढे आलं नाही. चहावाला ग्लास विसळायचं विसरला. भंगारवाल्याने खुर्ची बाजूला केली, रस्ता ओलांडला, रणगाड्याला मागून वाकून बघितलं आणि वर आला तो वेगळाच चेहरा घेऊन.

“आजोबा, भीती नाही वाटायची?”

“तुझ्या वहिनीची वाटते तेवढी नाही,” सासरे म्हणाले, आणि गल्ली फुटली हसून.

पाटी सुनेने उतरवलीच, शब्द म्हणजे शब्द. आठवड्याने नवीन लागली: ‘कापडी रणगाडेवाले’. ती लावताना शिडी भंगारवाल्याने धरली. भंगारही आत घेतलं, पण अर्धंच. “अर्धं खरं निघालं, म्हणून अर्धं,” म्हणाला. उरलेल्या अर्ध्यावरून भांडण चालू आहे.

शाळेत सासऱ्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. ते इतकं बोलले की नाटकाला वेळच उरला नाही, आणि पोरांना त्याचं दुःखही झालं नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याची शपथ सुटली ती सुटलीच. गिऱ्हाईक स्टुलाजवळ आलं की सासरे दाभण खाली ठेवतात.

“मामंजी, त्यांना ट्रकची ताडपत्री हवी आहे, युद्ध नको!” सून मशीनवरून ओरडते.

“थांब गं. खड्ड्यापर्यंत आलोय.”

गिऱ्हाईक बिचारं घड्याळ बघतं. सून त्याच्यावर डोळे वटारते आणि पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे ढकलते.

“बसा. खड्डा झाल्याशिवाय माप घेणार नाही मी.”