बैसाणे नानांच्या ऑपरेशनचं मतदान

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सिक्कीमला. सेक्शन कमांडर हवालदार बैसाणे, आमचे नाना, दोंडाईचाचे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह मोर्चात सज्ज, मग पेट्रोलिंग, मग शस्त्रसफाई. रेडिओवर त्यांचं बोलणं एवढंच: "सब ओके. ओव्हर." गुडघा गेला म्हणून मला बोर्डआउट केलं, फौजेतून घरी पाठवलं. पाठोपाठ तेही पेन्शनवर आले. मी एका संस्थेसाठी गावोगाव कॅन्सरच्या माहितीची पत्रकं वाटू लागलो.

नानांच्या लघवीतून रक्त गेलं. धुळ्याला दुर्बिणीने गाठ काढली. मूत्राशयाचा कॅन्सर, वरच्या थरातला, पण आक्रमक प्रकारचा. पुन्हा दुर्बीण, मग मूत्राशयात बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लसीचे, डोस. तरी गाठ परत आली.

डॉक्टर म्हणाले, "अजून स्नायूत शिरलेला नाही, म्हणूनच आता मूत्राशय काढू. गाठ सौम्य असती तर मी हे सुचवलंच नसतं."

पोटावर लघवीची पिशवी लागणार होती.

नानांच्या ओट्यावर आम्ही माजी सैनिक जमलो. युनिटच्या सैनिक संमेलनात जवान उभा राहून पॉइंट मांडतो, तसंच सुरू झालं.

"पिशवी लावून परेडला उभा राहणार, बैसाणे?" सुभेदार साहेबांनी विचारलं. "मागची रांग पळून जाईल!"

हशा. नानाही हसले. "मंग तुम्ही बठ्ठा जण पुढे उभा ऱ्हा."

त्यांच्या बायकोने, अक्कांनी, चहा ठेवला. "माले माणूस जोयजे. पिशवी ऱ्हायनी तरी चाली."

"वहिनी, माणूस हवा, पिशवी चालेल. पॉइंट नोट केला," साहेब म्हणाले.

मी पत्रक वाचून दाखवलं: लवकर सापडला तर मूत्राशय वाचतं. मग हात वर झाले. ऑपरेशन न करता थांबायचं ठरलं. माझाही हात वर होता.

नाना म्हणाले, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

पुढच्या तपासणीत कॅन्सर स्नायूच्या पार गेला होता. केमो झाली, ऑपरेशन झालं, पिशवीही लागली. नाना वाचले नाहीत.

एका माणसाच्या मूत्राशयावर मतदान! लाज वाटते. ज्याला स्वतःला पिशवी बांधावी लागणार नव्हती, त्या प्रत्येकाला मत होतं, अक्कांना नव्हतं. 'लवकर सापडला तर मूत्राशय वाचतं' ही ओळ मी आता पत्रकात छापू देत नाही. कुणाचं दुर्बिणीवर भागतं, कुणाचं बीसीजीवर, कुणाचं मूत्राशय वेळेतच काढावं लागतं. गाठ कुठल्या प्रकारची, किती खोल, औषधाला दाद देते का, हे डॉक्टरला विचारा. पटत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. ओट्यावर विचारू नका.

शहिदांच्या यादीत नानांचं नाव येत नाही. पत्रकं वाटताना प्रत्येक सभेत मी ते घेतो: हवालदार बैसाणे. कुणीतरी विचारतं, कुठल्या लढाईत गेले?

मी सांगतो, "दोंडाईचाला. आपल्याच माणसांत."