नळाची किल्ली

आवडाबाई तशी भित्री नव्हती. बाळकुमच्या मिठागरात लहानपणापासून घोटाभर खाऱ्या पाण्यात राबलेली बाई. वाटेत साप आला तर फावड्याने बाजूला सारून पुढे कामाला लागायची. तिच्या घरात भीती शिरली ती नवऱ्याच्या नोकरीबरोबर. मुंबईला पाणी नेणारा मोठा लोखंडी नळ गावाबाहेरून गेला आणि काळुरामला त्याच्या राखणीवर ठेवलं. कमरेला सरकारी पट्टा आला, आणि गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं.

कारण त्याच सुमारास विहिरी लवकर आटू लागल्या. पाऊस दोन वर्षं ओढ देत होता, पण ते कोण लक्षात घेतो? नळ जमिनीखालून विहिरी पितो, आणि काळुरामकडची किल्ली फिरवली की पाणी हवं तिकडे वळतं, असं गावाने ठरवूनच टाकलं. आवडाबाईलाही ते थोडंफार पटलं होतं. नवरा झोपलेला पाहून तिने एकदा त्याचा पट्टा आणि बंडी चाचपली. किल्ली सापडली नाही, तरी संशय गेला नाही.

चैत्री पौर्णिमेच्या दुपारी डोंगरावरचा वणवा खाली उतरला. वारा गावाच्या दिशेने होता. राघो पाटलाने चावडीपुढे सगळ्यांना गोळा केलं.

"आपुन रानातल्या गवतासाठी सायबाकडं अर्ज केला ना, त्याचा सरकारला हा राग," तो म्हणाला. "रान पेटवलान, न पानीबी अडवून ठेवलंय. चला नलावर."

झालं. पहारी, कुऱ्हाडी घेऊन गावातला गडी न गडी नळाकडे धावला. आग एकीकडे आणि माणसं भलतीकडेच.

आवडाबाईचं घर शेताच्या कडेला, गावापासून सुटं. आत तिची लेक शालू, नुकती बाळंत झालेली, तापाने फणफणलेली. उभी केली की कोसळायची. आवडाबाईने तिला काखेत धरून दारापर्यंत ओढत आणलं आणि पुढचं पाऊल टाकवेना. समोरच्या शेतातून, वाळलेल्या धसकटांतून आग सरसरत येत होती. तिने नवऱ्याला हाक मारली, दिराला मारली, शेवटी राघोलाही मारली. ओ द्यायला कुणी नव्हतं.

घरामागे बांध होता आणि बांधापलीकडे खाडी, पौर्णिमेच्या उधाणाने काठोकाठ भरलेली. बांधात फळ्यांची उघाडी होती. पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं, खाडीचं मात्र आत येऊ द्यायचं नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. गावाचं सगळं आयुष्य ते बाहेर ठेवण्यात गेलेलं, त्यामुळे आग विझवायला हे पाणी घ्यावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आवडाबाईच्याही आलं नव्हतं. घरात धूर भरला आणि बाळ खोकायला लागलं, तेव्हा आलं.

तिने फावडं घालून फळ्या उचकटल्या. पाणी तिला ढकलून आत घुसलं आणि सखल शेतांत पसरत गेलं. आग पाण्याच्या कडेशी आली, चरचरली आणि थांबली.

थोड्या वेळाने माणसं परतली. पहारी बोथट झाल्या होत्या, नळाला पोचाही आला नव्हता. नळावरून धरून आणलेल्या काळुरामचे हात त्याच्याच पागोट्याने बांधलेले होते आणि ओठातून रक्त येत होतं. शेतात पाणी बघून सगळे थबकले. एकाने ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी थुंकून टाकलं.

"खारं हाय! ग्वाड पानी मुंबईला न खारं आमच्या शेतात. ह्यानंच किल्ली फिरवलीन."

"किल्ली नाय माझ्याकडं," काळुराम पुटपुटला. दोघांनी त्याला खाली पाडलं.

गावाचा बांध फोडणाऱ्याचं काय होतं हे आवडाबाईला ठाऊक होतं. तरी तिने फळ्या ओढत आणून राघोच्या पायाशी टाकल्या. "मी काढल्या. माझी पोर जलत होती. त्याला सोडा."

राघोने एक फळी उचलली. मागच्या वर्षी त्यानेच ती बसवली होती, खिळे त्याचेच होते. त्याने विझलेल्या आगीकडे पाहिलं, मग आवडाबाईकडे. त्याला सगळं कळलंय हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि सुटलो, असं तिला वाटलं.

मग राघोने मागे वळून पाहिलं. त्याच्या एका शब्दावर आग सोडून नळावर धावलेलं सगळं गाव तिथे उभं होतं.

त्याने फळी खाडीत फेकून दिली. "नवऱ्यासाठी बाई काय पन बोलंल," तो म्हणाला. "किल्ली काढा त्याच्याकडनं."