आभाळातला राणी रंग

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीचा वर्ग पाहिलाच नाही, कारण त्या वर्षी सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात लागलो आणि पुढचं सगळं आयुष्य रंगातच गेलं. शेवटची तीस वर्षं मास्तर म्हणून. गिऱ्हाईक सुताचा बोटभर तुकडा आणून टाकायचं आणि म्हणायचं, असा लॉट पाहिजे. मी तो नमुना घेऊन अंगणात उन्हात जायचो, परत येऊन कुठली पूड किती घ्यायची ते सांगायचो. वजनकाटा दुसऱ्यांसाठी होता. ही बढाई आहे असं कुणाला वाटलं तर वाटो, खरी बढाई आहे.

माझी बायको त्याच कारखान्यात होती. रंगवलेल्या ओल्या लड्या बांबूवर वाळत घालायचं तिचं काम. वीस वर्षं तिनं ते केलं. तिची नखं कायम आदल्या दिवशीच्या रंगाची असायची. पण तिला रंग कळतो असं मला कधी वाटलं नाही. वाळत घालायचं काम तिचं, ठरवायचं माझं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तिच्यासाठी एका साडीपुरतं सूत स्वतः रंगवलं. राणी रंग. राणी जमणं अवघड असतं. जरा चुकला की लाल वाटतो, जरा चुकला की जांभळा. माझा जमला. विणकराकडून साडी करून घेतली. ती साडी तिनं पन्नास वर्षं जपली आणि इकडे येताना पिशवीत सगळ्यात खाली घालून आणली.

इकडे म्हणजे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला. मुलगा आणि सून दोघं नोकरी करतात, तीन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला कायमचं आणलं. निघायच्या आधी तिनं दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, तुम्हीपण दाखवून घ्या. मी म्हणालो, या डोळ्यांवर अख्खा कारखाना चालला, त्यांना काय धाड भरलीय.

इथं आल्यावर मला सगळं जरा मळकट, पिवळट दिसायचं. मी म्हणायचो, इथले दिवेच तसे. औषधाच्या वेळी ती न विचारता बरोबर गोळी माझ्या तळहातावर ठेवायची. मोज्यांची जोडी लावून द्यायची. जिना उतरताना शेवटच्या पायरीला हळूच ‘संपला’ म्हणायची. मला वाटायचं, म्हातारी झालीय, बडबडते.

त्या मे महिन्यात एका रात्री सून जेवणं आटोपल्यावर वर आली आणि म्हणाली, “आई, बाबा, चला, बाहेर नॉर्दर्न लाइट्स दिसतायत. इथं सहसा दिसत नाहीत.” आम्ही खाली गेलो. सगळी गल्ली ड्राइव्हवेवर उभी होती, प्रत्येकाचा फोन आभाळाकडे.

“काका, बघा ना, काय भारी आहे यार,” शेजारची नागपूरची मुलगी म्हणाली आणि तिनं फोन माझ्यापुढे धरला. फोनात आभाळ रंगलेलं होतं. मी मान वर केली. वर राख होती. धुराच्या पट्ट्या असाव्यात तशा पट्ट्या, आणि बाकी काळं.

“फोन रंगवतोय,” मी म्हणालो. “आभाळात काही नाही.”

“डोळ्यांनाही दिसतंय बाबा,” सून म्हणाली. “फिकट आहे, पण आहे.”

बायको पुढे उभी होती. पदर कानांवरून घेतलेला, हात रिकामे.

“अहो, राणी आहे,” ती म्हणाली. “त्या समोरच्या छपराच्या वर बघा. खाली पोपटी आणि वर चढत चढत राणी. माझ्या साडीचा आहे की हो, अगदी तोच.”

“तुला फोनातलं दिसतंय.”

“फोन कुठाय माझ्या हातात?”

लोक हसले. ते हसणं मला लागलं.

“अंधारात रंग बघतेस? रंग उन्हात बघायचा असतो, एवढंही शिकली नाहीस?”

“सूनबाई म्हणते, हे सूर्याकडूनच येतं. म्हणजे ऊनच झालं की.”

लोक पुन्हा हसले. मग मी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “वीस वर्षं लड्या वाळत घातल्या म्हणून कुणी रंगाची जाणकार होत नाही. हिला कारखान्यात मी विचारलं असतं ना, तर सोलापूरभर लोक चुकीच्या रंगाच्या साड्या नेसून फिरले असते.”

“काका सॅव्हेज आहेत,” नागपूरच्या मुलीचा नवरा म्हणाला, आणि या वेळी हसणं माझ्या बाजूचं होतं. बायकोसुद्धा हसली. मग म्हणाली, “बरं. नसेल.” आणि विरजण लावायचं राहिलंय म्हणत आत गेली. आभाळ अजून तसंच होतं, बाकी सगळे तासभर तरी बाहेर होते. ती परत आली नाही.

त्यानंतर ती भांडली नाही, रुसली नाही. फक्त रंगाचं नाव घेणं तिनं सोडलं. सून एकदा दुकानात उशीचे दोन अभ्रे घेऊन उभी राहिली, आई, यातला कुठला? ती म्हणाली, “यांना विचार. मला नाही कळत.” आवाजात टोमणा नव्हता. मी एकाकडे बोट दाखवलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तीन दिवस दवाखान्यात होती, बोलली नाही.

इथं अंत्यविधीच्या आधी कपडे नेऊन द्यावे लागतात, ते लोक तयार करून ठेवतात. साडी नेसवायला सून जाणार होती. तिनं विचारलं, “बाबा, आईंची राणी साडी द्यायची ना?” मी म्हणालो, मीच काढून देतो. बायकोचं कपाट उघडलं, आतला दिवा लावला, घड्या बाजूला करत करत साडी काढली आणि सुनेच्या हातात दिली.

ती साडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, जरा खिडकीशी नेऊन बघू या का?”

“मला रंग शिकवतेस?”

 सून साडी पिशवीत घालून गेली. मी बायकोला शेवटचं पाहिलं तेव्हा त्या खोलीतही पिवळा दिवाच होता, आणि मी साडीकडे बघत नव्हतो.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत मी दोनदा चुकीची गोळी घेतली आणि एकदा जिन्यावरून पडलो. मुलानं मला काही न विचारता गाडीत बसवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बोलत होता, मुलगा मराठीत सांगत होता, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, कित्येक वर्षांचे असतील. मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तरी कुणासमोर.

आधी एक डोळा केला, मग दुसरा. पट्टी काढल्यावर सकाळी न्हाणीघरात गेलो तर फरशी पांढरी होती. मी तीन वर्षं तिला बदामी समजत होतो. शर्ट निळा निघाला. उशीचा अभ्रा, मी निवडलेला, शेणाच्या रंगाचा. सुनेनं तो अजून वापरात ठेवला होता.

मग मी बायकोचं कपाट उघडलं. कशासाठी उघडलं ते मला तेव्हाच माहीत होतं. राणी साडी खालच्या कप्प्यात होती, जुन्या पंच्यात गुंडाळलेली, ती ठेवायची तशीच. मी ती खिडकीशी नेली. ऊन होतं. पन्नास वर्षांत रंग कणभर उतरला नव्हता.

सून चहा घेऊन आली तेव्हा मी साडी मांडीवर घेऊन बसलो होतो.

“तिला कुठली नेसवली होती?”

तिनं कप टेबलावर ठेवला. “तुम्ही दिली ती. विटकरी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते बाबा.”

बोलली होती. खिडकीशी नेऊ या म्हणाली होती, मीच जन्मभर दुसऱ्यांना जे सांगितलं तेच. विटकरी साडी बायकोनं एकदाच नेसली होती, तिला ती आवडायची नाही. ती नेसून ती गेली, आणि ती मी निवडली.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा ते लाइट्स आले. सून दारातूनच म्हणाली, “बाबा, बाहेर येताय? नाही आलात तरी चालेल.” मी उठलो, कोट घातला आणि साडी काखेत घेतली. नमुना घेतल्याशिवाय रंग ठरवायचा नाही ही माझी सवय. ती साडीकडे बघून बाजूला झाली.

तीच गल्ली, तेच लोक. मी पुढे गेलो, मे महिन्यात बायको उभी होती तिथपर्यंत, आणि मान वर केली.

खाली पोपटी होतं. फिकट, पण होतं. आणि छपराच्या वर चढत चढत राणी. लाल नाही, जांभळा नाही. फोन न घेता, नुसत्या डोळ्यांनी. मी साडीची घडी उलगडून तिचं टोक आभाळापुढे धरलं, आणि साडी काळी होती. अंधारात साडीला रंग नव्हता, आभाळाला होता. जुळवून बघणं जमेना. मी बराच वेळ ते टोक तसंच धरून ठेवलं. शेवटी हात भरून आला.

“काका, आज दिसतंय का?” नागपूरच्या मुलीनं विचारलं.

मे महिन्यात मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आताही सगळ्यांसमोरच बोलायचं ठरवून आलो होतो. मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, “राणी रंग आहे. त्या दिवशीसुद्धा राणीच होता. ती बरोबर सांगत होती, मी चुकलो होतो.”

माझ्या जन्मात मी हे वाक्य कुणापुढे बोललो नव्हतो. मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं खांदे उडवले.

“कधी काका?” ती म्हणाली. “कुठल्या दिवशी?”

त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या लेखी म्हातारा काहीतरी गमतीचं बोलला होता, ते हसले होते, घरी गेले होते. ते आम्हा नवरा-बायको दोघांच्याच लक्षात राहिलं होतं, आणि त्यातलं एक माणूस विटकरी साडी नेसून गेलं होतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “मे महिन्यात.”

“ओह, तेव्हा. तेव्हा याच्यापेक्षा भारी होतं ना?”

“हो,” मी म्हणालो. “तेव्हा मी पाहिलं नाही.”

मागून सून आली. तिनं साडीचं जमिनीला लागलेलं टोक उचललं, झटकलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “थंडी आहे बाबा, आत जाऊ या,” म्हणाली. मी म्हणालो, तू हो पुढे. आभाळात काही असेपर्यंत मला तिथून हलायचं नव्हतं. मेमधल्या त्या रात्री बायको लवकर आत गेली होती.