फिट्टंफाट चालत नाही: ओआहाकातला गेलागेत्सा

काय झालं ते आधी थोडक्यात.

१. जुलैत रजा घेऊन मी सिंगापूरहून मेक्सिकोतल्या ओआहाकाला गेले.
२. तिथला गेलागेत्सा हा उत्सव पाहिला.
३. माझ्या मैत्रिणीची आई, चेलाबाई, अडचणीत होती: पुढच्या वर्षीचं गावजेवण पत्करायचं की नाकारायचं.
४. मी त्यांचा अपमान केला.
५. गावाला त्यांनी उत्तर दिलं.

मैत्रीण म्हणजे लुपिता. बंदरातल्या क्रेनच्या प्रशिक्षणासाठी ती इथे सिंगापूरला आली होती, तेव्हा तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकत्र राहायचो. "एकदा जुलैत ये" हे तिचं पालुपद. यंदा गेले.

भारतीय पासपोर्ट असेल तर मेक्सिकोच्या व्हिसाबरोबर विमान अमेरिकेमार्गे असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही आधीच काढा. मेक्सिको सिटीहून ओआहाकाला बसने अख्खा दिवस जातो. पहिल्या वर्गाचं तिकीट घ्या आणि स्वेटर हातात ठेवा. घाटापेक्षा एसी जास्त गार असतो.

गेलागेत्साची देशभर सुट्टी नसते. ती सोळा सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाची. हा उत्सव एका राज्याचा, जुलैतल्या दोन सोमवारांचा, शहरालगतच्या टेकडीवर. वरच्या बाकांना तिकीट नाही, पण सकाळीच जा आणि टोपी घाला. गावोगावचे लोक आपला नाच करतात आणि संपल्यावर आपल्या मातीत पिकतं ते प्रेक्षकांत फेकतात. एका गावच्या मुली खांद्यावर अननस घेऊन नाचल्या. शेजारच्या आजोबांनी त्यातला एक अचूक झेलला. त्यांची बायको काहीतरी पुटपुटली. लुपिताने भाषांतर केलं: "घरात माझ्या हातून इतके पेले पडले, तेव्हा कुठे होते हे हात?"

तिथून लुपिताच्या गावी. पंचवीस जुलैला सांतियागो या संताची जत्रा असते आणि दरवर्षी एक घर गावाला जेवू घालतं. पुढची पाळी चेलाबाईंची होती. दोन्ही मुलगे कॅलिफोर्नियात, लुपिता दूरच्या बंदरात नोकरीला. होकार की नकार, ते जत्रेच्या दिवशी सांगायचं होतं. नकार दिला तर पुढे कुणाच्या दारात हक्काने उभं राहता येत नाही.

पोचले त्या दिवशी चेलाबाईंनी वाडगाभर मोले दिलं. मिरच्या, तीळ आणि थोडं चॉकलेट घातलेला हा दाट रस्सा. रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत, म्हणून मी वाडगा धुऊन सिंगापूरच्या अननस टार्टनी भरून दिला. त्यांनी विणलेली शाल दिली. मी लगेच रेशमी स्कार्फ दिला. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

"माझी आई म्हणजे काय दुकान वाटलं तुला?" लुपिताने विचारलं.

"मी रीत पाळली."

"आई म्हणते, ही पोरगी संबंध संपवायला आलीय."

गेलागेत्सा हा मुळात तिथल्या सापोतेक लोकांचा शब्द. आज मी तुझ्या कामाला येते, माझी पाळी आली की तू ये. मधल्या काळात ते देणं राहू द्यायचं. मला हे नवीन नव्हतं. कोकणात माझ्या आत्याकडे भातलावणी सावडीने होते, तिथेही कुणी त्याच संध्याकाळी परतफेड करत नाही. फिट्टंफाट आम्ही करायचो ते भांडणानंतर.

लुपिताकरवी मी सावड समजावून सांगितली. चेलाबाई म्हणाल्या, "म्हणजे माहीत होतं. मग अक्कल विमानातच राहिली का?"

जत्रेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर यजमानांच्या चुलीपाशी बसले. मक्याच्या पिठाची तोर्तिया, भाकरीचीच जात. पहिली तव्यावर टाकली आणि सवयीने वरून पाण्याचा हात फिरवला.

"आंघोळ घालतेय तिला," एक बाई म्हणाली आणि चुलीभोवती हसू पसरलं.

दुसरी जमली. दुपारी मी परातीएवढ्या थापत होते. कुणी कौतुकाने बघत नव्हतं, बाया नुसतं "लवकर, लवकर" म्हणत होत्या. कामातल्या कुठल्याही शाबासकीने मला इतका अभिमान वाटलेला नाही.

उत्तर घ्यायला गावचे पंच आले, हातात टोप्या घेऊन. चेलाबाईंनी त्यांना थांबवलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. लुपिता म्हणाली, "विचारतेय, पुढच्या जुलैत हे हात येतील का?"

रजा मंजूर झाल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. "येतील," मी म्हणाले.

चेलाबाईंनी पंचांना होकार दिला. माझे आभार मानले नाहीत, आणि ते मला फार आवडलं.

निघताना त्यांनी चॉकलेटच्या वड्या बांधून दिल्या. मी बॅगेतून काहीही काढलं नाही. आता इथे रोज सकाळी त्यातली एक दुधात घालते. ऑफिसातला वरिष्ठ सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "परत मेक्सिको? व्हाय लाह?" कामाला जायचंय, असं मी सांगितलं.

दोन हात पुरणार नाहीत. भाकरी थापता येणारे आणखी दोघे हवे आहेत, बाई किंवा पुरुष. प्रवासखर्च ज्याचा त्याचा, राहणं चेलाबाईंकडे. व्हिसाला वेळ लागतो. येणार असाल तर तीस नोव्हेंबरपर्यंत मला कळवा.