खिडकीवाली झोपडी

पूर्वी माझ्या गॅरेजच्या दारात गिऱ्हाईक आलं की हाक यायची, "मिस्त्री!" आता येणारा माणूस मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून आत बघतो आणि विचारतो, "ताई हायत का?" मी हो म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. नाही म्हटलं की तो दारातल्या बाकावर बसून घेतो आणि वाट बघतो. समोर मी हातात पाना घेऊन उभा असतो, पण त्याला त्याचं काही नसतं.

ताई म्हणजे माझी बायको.

चौसाळ्यात हायवेला लागून माझं दुचाकीचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. फाट्यावरून वळणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून मी सांगायचो, हिचा पिस्टन गेलाय की चेन सैल झालीय. गाडी दारात थांबायच्या आधी माझं सांगून झालेलं असायचं आणि बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची. ते बघणं मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? मग या बॅटरीच्या गाड्या आल्या आणि त्यांना आवाजच नाही. पहिली गाडी दारात आली तेव्हा मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "हे खेळणं हाय बाबा, जितनं आणलं तितंच न्या."

आमचं घर गॅरेजच्या मागेच. बायको त्या वेळी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "अहो, मी बघू का जरा?" लग्नाआधी तिनं बीडला आयटीआय केलेलं, इलेक्ट्रॉनिक्समधून. ते सर्टिफिकेट लग्नात तिच्या पेटीतून आलं आणि पेटीतच राहिलं. मी गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारला आणि म्हटलं, "बघ की."

हे दोन शब्द मी का बोललो, असं पुढं मला कितीदा वाटलं असेल.

आमच्या पोरीनं पुण्याला जाताना एक जुना लॅपटॉप घरी टाकला होता, तो बायकोनं काढला. कुठून कुठून व्हिडिओ बघितले, एक केबल मागवली. या गाड्यांच्या सीटखाली ॲल्युमिनियमचा एक डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. मोटारीनं किती जोर लावायचा, किती हळू उठायचं, ब्रेक दाबला की काय करायचं, हे सगळं त्या डब्यात आकड्यांनी भरलेलं असतं. केबल लावली की ते आकडे लॅपटॉपवर दिसतात. हवे ते बदलायचे आणि परत डब्यात भरायचे. झालं. ना ऑइल, ना घाम, ना नखात काळं. काम संपवून ती उठायची तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा स्वच्छ असायच्या. याला काय काम म्हणायचं, असं मी बाकावरच्या लोकांना म्हणायचो आणि लोक हसायचे. पुढं पुढं हसेनासे झाले.

त्यातून त्या प्रोग्रॅममध्ये अर्धी अक्षरं इंग्रजी आणि अर्धी चिनी. मला वाटलं, इथं हिची गाडी अडणार. पण हिनं त्या चिनी अक्षरांना त्यांच्या रूपावरून नावं ठेवली. एक झालं शिडी, एक खुर्ची, एक दोन पाय फाकून उभा राहिलेला माणूस, एक झोपडी. कुठलं काय करतं ते एकेक आकडा बदलून, चाक अधांतरी फिरवून बघितलं. काम करताना ती स्वतःशी पुटपुटायची, "शिडी तीन, खुर्ची तशीच ठिवायची, झोपडी जरा वाढवू." मला हसू यायचं आणि पोटातही दुखायचं. तीन महिन्यांत शिरूर कासारहून माणूस टेम्पोत गाडी घालून आला. माझ्याकडे सव्वीस वर्षांत कुणी टेम्पोत गाडी घालून आणली नव्हती.

आता मामांचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथंच आहे.

मामा जवळच्या एका वस्तीवरचे, साठीच्या पुढचे; नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. मेंढरं विकून त्यांनी म्हशी घेतल्या होत्या आणि रोज दोन वेळा चौसाळ्याच्या डेअरीला दूध घालायचे. त्यांचा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला, बारीक राहिला. इतकी वर्षं ते दोन किटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करायचे. कुणी थांबायचं, कुणी नाही. मग त्यांनी बॅटरीची गाडी घेतली. गिअर नाही, किक नाही, फक्त मूठ पिळायची. पण गाडी सुरू होताना असा हिसका द्यायची की किटल्या उसळायच्या आणि मामांचा तोल डाव्या पायावर जायचा. दोनदा ते पडले.

माझ्या बायकोनं त्यांना एक अख्खी दुपार आमच्या दारात गाडी चालवायला लावली. मामांनी मूठ पिळायची, दहा पावलं जायचं, थांबायचं, परत यायचं. ती आकडा बदलायची आणि म्हणायची, "आता बघा मामा." वीस-पंचवीस वेळा. शेवटी गाडी अशी उठायला लागली की किटलीतल्या दुधावर सुरकुती पडू नये. मामा गाडीवरून उतरले आणि म्हणाले, "ताई, तुमी गाडीला माजा पाय समजावून सांगितला."

मी तिथंच एका गाडीचा कार्बोरेटर साफ करत बसलो होतो. ते वाक्य मला आजही टोचतं. मी त्या माणसाच्या भावाची मोटारसायकल पंधरा वर्षं सांभाळली, दोनदा इंजिन उतरवलं. माझ्याबद्दल असं एक वाक्य त्या घरातून कधी निघालं नाही. त्या दिवशी मी जेवायला बसलो ते तोंड फुगवूनच. तिनं विचारलं, "कावून, भाजी आळणी झाली का?" मी म्हटलं, "भाजी बरी हाय." दुसरं काय सांगणार? तू हुशार आहेस म्हणून मला घास जात नाही, असं कुणी बायकोला सांगतं का?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बायको तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला बीडला गेली होती, दुपारच्या एसटीनं परत यायची होती. अकराच्या सुमाराला मामा आले. त्यांनी आत डोकावलं, विचारायचं ते विचारलं. मी नुसतं 'येतील' म्हटलं, तसे म्हणाले, "वस्तीवरल्या चढाला किटल्या भरल्या की गाडी जरा दमती. वढ थोडी वाढवायला सांगा ताईला." गाडी दारात लावली आणि ते पेंड आणायला बाजारात गेले.

गॅरेजात मी एकटा होतो. टेबलावर लॅपटॉप होता.

ओढ म्हणजे झोपडी, एवढं मला ऐकून ऐकून पाठ होतं. मनात आलं, आपणच वाढवू. मामांना आत्ता काही सांगायचं नाही. चढ चढून संध्याकाळी ते खुशीत येतील, ताईंचे गुण गायला लागतील, तेव्हा बाकावर चार माणसं असताना म्हणायचं, "मामा, ताई तर बीडला गेलती. हात माजा लागलाय." ते दृश्य मी दोन-तीनदा डोळ्यांसमोर आणलं, दर वेळी जास्त गोड लागलं.

केबल लावली. आकडे आले. झोपडी सापडली आणि तिच्यासमोरचा आकडा बघून, खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शून्य! बाईसाहेबांनी ओढ शून्यावर ठेवली होती. गाडी दमणार नाही तर काय करणार? म्हणजे हिच्याही चुका होतात, फक्त त्या पकडायला जाणतं माणूस लागतं. मी शून्याचा एक केला. दोन करत होतो, पण डबा एकाच्या वर जाईना. म्हटलं, एक तर एक. डब्यात भरलं आणि केबल काढली. चाक उचलून फिरवून बघायचं असतं, ती प्रत्येक वेळी बघते. सव्वीस वर्षांच्या मिस्त्रीनं एका आकड्यासाठी काय बघायचं?

मामा आले. मी म्हटलं, "बिरेक आवळलेत जरा. बसा, बगा." ते बसले आणि त्यांनी मूठ पिळली.

गाडी मागं गेली.

हळूच गेली. बायकोनं त्या गाडीला जो सावकाशपणा शिकवला होता तो सगळा शाबूत होता, म्हणून बरं. मामा पुढं बघत होते आणि मागं चालले होते. पंक्चर बघायच्या पाण्याच्या टपाला मागचं चाक थडकलं, पाणी हिंदकळलं, गाडी थांबली. मामा उजव्या पायावर कसेबसे उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मिस्त्री," ते म्हणाले, "गाडी मागं आली बे." मला 'बे' म्हणणारे ते नव्हेत. पण त्या वेळी त्यांना भान नव्हतं.

मी म्हटलं, "डबा तापला असंल." एवढंच सुचलं. मामा बाकावर बसले. गाडीकडे बघत म्हणाले, "चढाला आसती, किटल्या भरलेल्या आसत्या, मागून ट्रक आसता तर?" मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. मधे मी गुपचूप केबल लावून बघितली, तर लाल अक्षरांची एक ओळ आली. तीत झोपडी नव्हती, शिडी नव्हती, काहीच ओळखीचं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला.

बायको आली तेव्हा तीन वाजले होते. पिशवी ठेवली, मामांचं ऐकून घेतलं, पाणीसुद्धा न पिता केबल लावली. ती लाल ओळ तिनं एक बटण दाबून घालवली. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आली आणि थांबली. मी मागं उभा होतो. आत्ता मला दिसलं की पडद्यावर झोपड्या दोन आहेत. एकीत माणूस मांडी घालून बसल्यासारखा आहे, ती ओढ. दुसरीला नुसती चौकोनी खिडकी. खिडकीवाल्या झोपडीसमोर माझा एक होता. शून्य म्हणजे पुढं, एक म्हणजे मागं, हे तिनं नंतर सांगितलं.

तिनं मान वळवून माझ्याकडे एकदाच बघितलं. रागानं नाही. मग मामांना म्हणाली, "माज्याकडूनच चुकलं मामा. मागल्या टायमाला एक आकडा चुकीचा पडला माजा."

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मला बरं वाटलं. सुटलो म्हणून तर वाटलंच. पण त्याहून जास्त याचं, की आता मामा तिला काहीतरी बोलतील. एकदा तरी कुणीतरी तिला म्हणेल, की ताई, असं कसं केलंत. मी कान देऊन उभा राहिलो.

मामांनी मान हलवली. "तुमच्याकडून? न्हाई ताई. तुमी चुकायच्या न्हाईत."

"आवो खरंच."

"मला बरं वाटावं म्हून बोलताय तुमी. मागल्या टायमापासून रोज दोन टायमाला गाडी चालवतोय, आजच कशी चुकली मग?" ते उठले. गाडीच्या सीटवर त्यांनी हात ठेवला आणि काढून घेतला. "गाडीच खोटी निघाली ही. आपली आपण बिघडती. तुमी आत्ता नीट कराल, पर उद्या चढाला फिरली तर? मी इकून टाकतो हिला. हुबा राहीन पयल्यासारका रस्त्याला. सवय हाय मला."

बायकोनं आकडा परत शून्य केला, पुन्हा समजावलं, चाक उचलून फिरवून दाखवलं, चाक पुढंच फिरत होतं. मामा बघत होते, पण गाडीजवळ जाईनात. दूध काढायची वेळ होत आली होती. ते म्हणाले, "चालत जातो, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच." आणि तो बारीक पाय ओढत ते दाराकडे निघाले.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो.

"मामा," मी म्हटलं, "गाडीत कायबी दोष न्हाई. ताईची चूक न्हाई. तुमी बाजारात गेलते तवा मीच लॅपटॉप लावून आकडा बदललाय."

मामा दारात थांबले. वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग परत माझ्याकडे. मी शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण एकदम उतरला. इतकं समाधान मी त्या माणसाच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

"तरीच!" मामा म्हणाले.

एवढंच. पुढं एक शब्द नाही, पुरावा नाही, शंका नाही. आले, सीटवर बसले, निर्धास्तपणे मूठ पिळली आणि वस्तीकडे निघून गेले.