बांधावरची मोजणी

मनुष्य दोन पायांवर ताठ उभा राहिला आणि तिथून संस्कृतीला सुरुवात झाली, असं मी ठाण्याच्या शाळेत दरवर्षी गंभीरपणे शिकवत असे. त्या वर्षी हे वाक्य मी टेबल धरून सुरू केलं आणि ते संपायच्या आत खाली बसलो.

पावसाळ्यात ताप येऊन गेला होता. जाताना तो कानात काहीतरी बिघडवून गेला. मान वळवली की समोरची भिंत निघून जायची. वैद्यबुवांनी पित्त ठरवलं, मोरावळा दिला आणि मान अजिबात हलवायची नाही असं बजावलं. मी लोकांकडे अख्ख्या अंगाने वळू लागलो. त्यामुळे माझ्याविषयीचा आदर थोडा वाढला. चक्कर होती तशीच राहिली. मी रजा घेतली. मुख्याध्यापकांनी कळवलं, की दिवाळीनंतर पूर्ण तास उभ्याने शिकवता आलं नाही तर माझ्या जागी आलेले बदली शिक्षकच कायम होतील. शिक्षकाने वर्गात बसणं त्यांच्या मते राष्ट्राला परवडणारं नव्हतं.

मग मी विलायतेत शिकून आलेल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध दिलंच नाही. अंगठ्यावर नजर ठेवून मान इकडून तिकडे हलवायची. मग एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच भिडवत सरळ रेषेत चालायचं, आधी उघड्या डोळ्यांनी, नंतर मिटून.

"त्यानेच तर चक्कर येते," मी म्हणालो.

"यायलाच हवी. त्याशिवाय मेंदूला तिची सवय कशी होणार?"

बायकोने दोन्ही उपचार ऐकले आणि वैद्यबुवांनी आणि डॉक्टरांनी आधी एकमेकांना भेटून घ्यावं, एवढंच सुचवलं.

घरात सरळ रेषेला जागा नव्हती. म्हणून मी सकाळी कोलशेतच्या बाजूला, कापणी झालेल्या खाचरांच्या बांधावर चालू लागलो. पहिले काही दिवस बांधावर कमी आणि खाचरात जास्त. पुढे जरा जमू लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला. खाडीकाठी कारखाने येणार अशी बोलवा होती. शेताचे म्हातारे मालक एके दिवशी भावकीला घेऊन बांधाच्या टोकाशी उभे राहिले.

"मास्तर, आमची जमीन कोणासाठी मोजता?"

मी कान दाखवला, डॉक्टरांचं सांगितलं. कानाच्या दुखण्यावर पायाने कसला उपाय, असं त्यांच्यातल्या एकाने विचारलं. प्रश्न मलाही पडलेला होता. शेवटी मी म्हणालो, की मोजणी करणारा माणूस काही डोळे मिटून चालत नाही. मी चालून दाखवतो.

"दाखवा. आजारी असाल तर पडालच," म्हातारे म्हणाले.

डोळे मिटल्यावर लक्षात आलं: पडलो तर खरा ठरणार होतो, नाही पडलो तर बरा. यातलं मला काय हवं होतं ते अजूनही नीट सांगता येत नाही. पाय मात्र चालत राहिले. डोळे उघडले तेव्हा मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला होतो.

आनंदाने मागे वळलो, तेही नुसती मान वळवून.

"बघा, रेघ मारल्यासारखा गेला," म्हातारे भावकीला सांगत होते. "सरकारी माणूस हाय." मग त्यांनी मला पुन्हा त्या बांधावर न यायला सांगितलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मी पहिला तास पूर्ण उभ्याने घेतला. मुख्याध्यापक दारातून पाहून गेले. सुट्टीत त्यांची कंबर धरली होती, आणि त्याच आठवड्यात प्रत्येक वर्गात शिक्षकासाठी खुर्ची आली.