शनिवारचा डबा

चांद्याच्या हायस्कुलात शंका सोडवणारे एक मास्तर होते. त्यांचा मी अजून दुस्वास करतो. ते वारले त्यालाही वर्षं झाली, पण माझा राग काही उतरलेला नाही.

दर शनिवारी शाळा सुटली की ते मॅट्रिकच्या मुलांना बसवून घेत. टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा असे. गणित असो की भूगोल, ज्याला जे अडलं ते त्यानं चिठ्ठीवर नावासकट लिहून डब्यात टाकायचं. वकिलांच्या, मालगुजारांच्या मुलांना मास्तर उत्तरं देत. माझी चिठ्ठी निघाली की तिचा बोळा करून खिडकीबाहेर.

"ढिवराच्या पोराले हे कायले पायजे? जाय, तलावात जाळं टाक."

वर्ग खिदळायचा. मला मात्र पास व्हायचंच होतं. आमच्या गावातून मॅट्रिकला बसणारा मी पहिला, घरी विचारावं असं कुणी नव्हतं. वजा गुणिले वजा अधिक का होतं, मासा पाण्यात गुदमरत का नाही, असलं सगळं मी विचारत होतो. बोळे मी बाहेर जाऊन वेचायचो आणि सरळ करून ट्रंकेत ठेवायचो.

मग शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं. मास्तरांनी आदल्या दिवशीच लाडक्या मुलांना सहा सोपे प्रश्न सांगून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि डब्यात टाकल्या. वर्ग झाडायचं काम त्यांनी माझ्याच गळ्यात मारलेलं होतं, त्यामुळे साहेब येणार त्या सकाळी डब्यापाशी मी एकटाच होतो. त्यांच्या सहाही चिठ्ठ्या काढल्या आणि ट्रंकेतल्या माझ्या सहा भरल्या.

साहेबांनी पहिली चिठ्ठी स्वतः काढली. वजा गुणिले वजा. मास्तर खडू घेऊन फळ्यापाशी गेले.

"तो नियमच आहे, साहेब."

"नियम का आहे, ते सांगा."

दुसरी निघाली, तिसरी निघाली. मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी शुद्ध बोलायचंही भान सुटलं.

"मले नाई येत, साहेब."

"या सगळ्या चुरगळलेल्या का? आणि सगळ्यांवर एकच नाव?"

मी उभा राहिलो. "मास्तर फेकून देत होते, साहेब. मी जमा करून राह्यलो होतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि निघून गेले. माझ्या प्रश्नांची उत्तरं त्या दिवशीही कुणी दिली नाहीत.

मी गणितात नापास झालो. निकाल ऐकून बाप खाटेवर बसला.

"काऊन रे, मास्तरनं तुले सांगतलं नाई?"

"त्याले येतच नव्हतं," मी म्हटलं.

हे सांगताना मला इतकं बरं वाटलं, की नापास झाल्याचं रडू दोन दिवसांनी आलं.